सहलीचं ऋण

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी मुळशीच्या जलाशयाकाठी पुण्या-मुंबईची गर्दी लोटते. ताम्हिणीच्या धबधब्यांखाली भिजण्यात काही गैर नाही. आनंदाला पाप मानणारा धर्म मला मान्य नाही. पण हा आनंद घेणाऱ्यावर काही देणं चढतं का? माझ्या मते चढतं, कारण हे पाणी इथे आपसूक साठलेलं नाही. टाटांच्या धरणात आपली भातखाचरं बुडणार हे दिसताच 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली आणि 1927पासून तेच पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज तयार करतं आहे.

जमीन घेणारे गेले, गमावणारेही गेले; शंभर वर्षांनी आलेल्या पर्यटकाचा यात काय दोष, असं कुणी विचारेल. दोष काहीच नाही. पण ऋण दोषातूनच निर्माण होतं असं आपली परंपरा मानत नाही. माणूस जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि इतर माणसं यांचा ऋणी असतो, असं शतपथ ब्राह्मणात सांगितलं आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाने कुणाचं काय बिघडवलेलं असतं? आधीच्यांच्या कष्टावर आणि त्यागावर आपण जगतो, एवढंच ऋणी असायला पुरेसं आहे. गीतेचा तिसरा अध्याय तर मिळालेलं परत न देता भोगणाऱ्याला चोर ठरवतो.

दुसरा आक्षेप पैशाचा: पर्यटक खर्च करतो, गावाला रोजगार मिळतो, मग देणं फिटलंच की! पिठलं-भाकरी रांधून देणाऱ्या घराला तो पैसा मिळायलाच हवा. पण ती जेवणाची किंमत झाली, बुडालेल्या शेताची नव्हे. हे ऋण फेडायचं कसं, ते याच तालुक्यातल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, दाखवतात. तिथे वठलेलं झाड पडलं तरी सरपणाला नेत नाहीत. ते जागीच कुजतं, त्यावर अळंबी उगवते, त्याची माती होते. हा देवाचा धाक आहे, विवेक नाही, असं म्हणता येईल. धाकाने सुरुवात झाली असेलही. पण हात आवरण्याची ती रीत देव न मानणाऱ्यालाही पाळता येते. डोंगरात मोठ्याने गाणी न वाजवणं, आपला कचरा आपल्यासोबत नेणं, खरेदी गावकऱ्यांकडून करणं आणि मुलांना या पाण्याखालच्या गावांची हकिकत सांगणं, एवढं तर कुणालाही जमेल. याने ऋण पुरतं फिटणार नाही. पण ते मानणारा माणूस इथे पाहुण्यासारखा वागेल, आणि आपली जमीन एकदा गमावलेल्या मुलखाला निदान एवढी अपेक्षा ठेवण्याचा हक्क आहे.