देव गेल्यावर कोण विचारणार?

दोस्तोयव्हस्कीची ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ एकदाची वाचून काढली. १८७९-८० साली रशियन मासिकातनं क्रमशः आलेली ही कादंबरी. जाडजूड. एकेका माणसाला तीन-तीन नावं. तरी नेटानं वाचावी अशी.

त्यातला इव्हान शिकलेला. त्याचं म्हणणं, देव नसेल, अमरत्व नसेल, तर माणसाला सगळंच मोकळं. आपल्या बाजूनं बघा, गोष्ट उलटी दिसते. इथं देव होता, पोथी होती, म्हणूनच सगळं चालत होतं. चवदार तळं जनावराला मोकळं, आपल्याला बंद. १९२७ साली आपण पाणी घेतलं तेव्हा डोकी फोडणारे काही नास्तिक नव्हते.

म्हणून इव्हानचा प्रश्न निकालात निघाला? नाही. १९५६ साली आपण देव सोडले. मग आपल्याला धरून ठेवणारं काय? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेब सांगतात, धर्मात देवाची जी जागा, ती धम्मात नीतीची. म्हणजे आपलं काम वाढलं. वर बघून माफी मागायची सोय गेली.

मला मात्र इव्हानपेक्षा स्मेर्द्याकोव्ह छळतो. घरचा आचारी. आई रस्त्यावर राहणारी, वेडसर. गावानं तिला ‘घाण मारणारी’ हेच नाव पाडलेलं. पोराचं आडनावही त्यावरनंच. बाप मालकच, असं गाव कुजबुजतं. लहानपणी यानं विचारलं, सूर्य चौथ्या दिवशी केला, तर पहिल्या दिवशी उजेड कुठनं आला? शिकवणाऱ्या म्हाताऱ्या नोकरानं, ग्रिगोरीनं, थोबाडीत दिली.

हाच पोरगा पुढं इव्हानचं तत्त्वज्ञान खरं मानतो. मालकाला मारतो आणि शेवटी गळफास घेतो. इव्हाननं नुसता विचार मांडलेला. अख्ख्या जगातल्या पोरांच्या दुःखावर ही कादंबरी रडते. या पोरासाठी तिच्याकडं एक टिपूस नाही.

हे आपल्याला लागू आहे. व्यासपीठावरनं ‘पेटवा’ म्हणणारा रात्री घरी जाऊन झोपतो. लाठी आणि केस वस्तीतल्या पोराच्या वाट्याला. देव हिशेब घेणार नसेल, तर तो बोलणाऱ्यानंच स्वतःकडनं घ्यायचा. नीती म्हणजे हेच.

आणि बैठकीत एखादं पोर आडवा प्रश्न विचारतं, अगदी बाबासाहेबांच्या ग्रंथावरही, तेव्हा त्याला ‘गप बस’ म्हणू नका. ग्रिगोरीनंही तेच केलं होतं. त्यालाही वाटत होतं, आपण धर्म राखतोय.