भाडेकरू, पाहुणे आणि साक्षीदार : बॅलेखिन प्रकरणातील एक नैतिक प्रश्न

स्कॉटलंडमधील पर्थशर परगण्यात बॅलेखिन हाउस नावाचे एक जमीनदारी घर होते. १८९७ सालच्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांत ते एका निवृत्त कर्नलच्या नावाने भाड्याने घेण्यात आले. भाड्यामागचा पैसा तिसरे मार्क्विस ऑफ ब्यूट यांचा होता आणि घराचे यजमानपण एडा गुडरिच-फ्रीअर या बाईंकडे होते. हे घर झपाटलेले आहे अशी बोलवा होती आणि तिची शहानिशा करणे हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता. मालकाला मात्र हा हेतू सांगण्यात आला नाही. शिकारीच्या किंवा मासेमारीच्या हंगामासाठी एखादे सधन कुटुंब घर घेते तसेच हेही घेतले जात आहे, अशी त्याची समजूत होती आणि ती तशीच राहू देण्यात आली.

व्हिक्टोरियन काळातील भूतशोधनाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लिखाण ‘तिथे काही होते की नव्हते’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. या प्रश्नात मला विशेष रस नाही. रात्री ऐकू येणारे आवाज जुन्या लाकडाचे असोत, नळांचे असोत, त्या परगण्यात सर्वपरिचित असलेल्या सौम्य भूकंपाच्या हादऱ्यांचे असोत की कोणाच्या खोडसाळपणाचे, सव्वाशे वर्षांनंतर त्याचा निवाडा करण्याचे साधन आपल्या हाती उरलेले नाही. मला अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. सत्य शोधण्यासाठी निघालेल्या माणसाला वाटेत असत्य बोलण्याची मुभा असते काय? आणि ती त्याने घेतली, तर त्याच्या हाती लागणाऱ्या सत्याचे काय होते?

या प्रश्नाला एक खास संदर्भ आहे. १८८२ मध्ये लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च ही संस्था स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या समित्यांपैकी एक झपाटलेल्या घरांसाठी होती. संस्थेचे पहिले अध्यक्ष हेन्री सिजविक हे केंब्रिजचे नीतितत्त्वज्ञ. चर्चच्या एकोणचाळीस कलमांना मनापासून संमती देता येत नाही म्हणून १८६९ साली ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप सोडणारा हा माणूस. प्रामाणिकपणाची एवढी किंमत मोजणारे अध्यक्ष लाभल्यामुळेच या संस्थेला विद्वत्समाजात उभे राहता आले. परंतु याच सिजविकांनी १८७४ च्या ‘द मेथड्स ऑफ एथिक्स’ या ग्रंथात एक अवघड निष्कर्षही मांडून ठेवला आहे. उपयुक्ततावाद शेवटपर्यंत नेला, तर उघडपणे समर्थन करता येणार नाही असे कृत्य गुप्तपणे करणे काही प्रसंगी योग्य ठरू शकते, इतकेच नव्हे तर हा सिद्धान्तही सर्वांना कळू न देणे इष्ट ठरते, असा त्याचा आशय. पुढे बर्नार्ड विल्यम्स यांनी या भूमिकेला ‘गव्हर्नमेंट हाउसचा उपयुक्ततावाद’ म्हटले. वसाहतीतल्या बंगल्यात बसून खालच्यांसाठी एक नीती आणि आपल्यासाठी दुसरी नीती ठरवणारा अधिकारी त्यांच्या नजरेसमोर होता. बॅलेखिनच्या भाडेकराराशी सिजविकांचा काही संबंध नव्हता. त्यांच्यावर तो दोष ढकलणे अन्यायाचे होईल. पण ज्या वर्तुळात तो करार शक्य झाला, त्या वर्तुळाचे मन त्यांनी आधीच तत्त्वाच्या भाषेत लिहून ठेवले होते, हे विसरता येत नाही.

वसाहतीचा उल्लेख इथे केवळ रूपकापुरता नाही. बॅलेखिनच्या दंतकथेचा नायक मेजर रॉबर्ट स्ट्युअर्ट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नोकरी करून परतलेला होता. पुनर्जन्माची कल्पना त्याने हिंदुस्थानातून आणली असे सांगतात. आपण मेल्यावर आपल्या काळ्या स्पॅनियल कुत्र्याच्या देहात परत येऊ, असे तो म्हणत असे. १८७६ साली तो वारला, तेव्हा घरातील सारे कुत्रे गोळ्या घालून मारण्यात आले अशी हकिकत आहे. आकडा चौदा असा दिला जातो. आपल्याकडील वाचकाला या कथेतली तात्त्विक गफलत चटकन जाणवेल. कर्मसिद्धान्तात पुढचा जन्म कर्माने ठरतो, मरणाऱ्याच्या पसंतीने नव्हे. शिवाय ज्याला नवा देह मिळाला तो जुन्या घरात पावले वाजवीत हिंडणार कसा? मेजरने पुनर्जन्माला मृत्युपत्राचे रूप दिले होते. आणि वारसांनी त्या मृत्युपत्रावर विश्वास न ठेवताही त्याची अंमलबजावणी अशक्य करून टाकली. अर्धवट अविश्वासातून केलेले हे कृत्य साऱ्या प्रकरणात मला सर्वांत भयानक वाटते. भुताचा पुरावा वादग्रस्त आहे. या हकिकतीतले कुत्रे मात्र निश्चितपणे जिवंत होते.

शोधनाची पद्धत वरकरणी शास्त्रीय होती. मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना आधीच्या कहाण्या सांगायच्या नाहीत, कोणी काय ऐकले वा पाहिले ते रोजनिशीत नोंदवायचे, नोंदी परस्परांशी ताडून पाहायच्या. या नियमाला आक्षेप घेता येत नाही. अपेक्षेने कान तयार होतात. ज्याला पावले ऐकायची आहेत त्याला ती ऐकू येतात. तेव्हा साक्षीदाराला अज्ञानात ठेवणे ही साक्षीच्या शुद्धतेची अट ठरते. पण पाहुण्यापासून माहिती लपवणे आणि मालकापासून हेतू लपवणे या दोन कृती एकाच जातीच्या नाहीत. पहिल्या लपवण्याचा उपयोग पुराव्याला होतो, दुसऱ्याचा केवळ पुरावा गोळा करणाऱ्याला. पाहुणा आपण होऊन आलेला असतो, त्याला केव्हाही निघून जाता येते आणि पुढे त्याला सर्व सांगता येते. मालकाच्या घराचे नाव एकदा बदनाम झाले की कोणत्याही खुलाशाने ते पूर्ववत होत नाही. बॅलेखिनच्या शोधकांनी या दोन्ही गोष्टी एकाच शास्त्रीय सावधगिरीच्या नावाखाली खपवल्या, आणि संस्थेच्या टीकाकारांनीही त्या तशाच एकत्र ठेवून झोडपल्या.

हे अटळ होते असेही नाही. चेल्टनहॅमच्या एका घरातील अनुभवांची नोंद तिथेच राहणाऱ्या रोझिना डेस्पर्ड या वैद्यकीच्या विद्यार्थिनीने वर्षानुवर्षे केली आणि ती १८९२ साली ‘मॉर्टन’ या टोपणनावाने संस्थेच्या कार्यवृत्तात आली. काळ्या वस्त्रांतील उंच स्त्री जिन्यावरून जाते, तेव्हा तिने आडवे लावलेले दोरे तुटतात की नाही हे ती पाहत असे. तिथेही गुप्तता होती. पण घराचे मोल घटू नये म्हणून ती पाळली गेली होती. म्हणजे गुप्ततेचा लाभ मालकाकडे जात होता. शिवाय ती मुलगी त्या घरात राहत होती. भीतीपोटी सोडून जाणे किंवा कुतूहलापोटी भाड्याने घेणे, हे दोन्ही पर्याय तिच्यापुढे नव्हते. बॅलेखिनमध्ये अनुभव घ्यायला आलेले लोक अनुभव येताच आपल्या गावी परतत होते.

८ जून १८९७ रोजी ‘टाइम्स’मध्ये एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. लेखक कॅलेंडर रॉस हा त्या घरात पाहुणा म्हणून राहून गेलेला. त्याने शोधकांची पद्धत हास्यास्पद ठरवली आणि घराचे नाव उघड केले. यजमानीणबाईंना हा आतिथ्याचा विश्वासघात वाटला. त्यांचा संताप खोटा नव्हता. पण जिने मालकाच्या छपराखाली आपला खरा हेतू झाकून ठेवला होता, तिनेच आपल्या जेवणाच्या टेबलावर बसलेल्याने हेतू झाकला म्हणून तक्रार करावी, यातील विसंगती तिच्या ध्यानात आली नाही. मग फ्रेडरिक मायर्स यांचे पत्र आले. तेही एप्रिलमध्ये तिथे राहून आले होते. संस्थेच्या कार्यवृत्तात घालण्याजोगा पुरावा आपल्याला आढळला नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्यांची त्या दिवसांतली खासगी पत्रे वेगळे बोलत होती, असा पुढे बाईंचा आणि लॉर्ड ब्यूट यांचा आरोप राहिला. मालकाच्या बाजूनेही निषेधाची पत्रे छापून आली. पण मालक तरी निखळ फिर्यादी होता काय? आदल्या वर्षी, १८९६ मध्ये, याच घरात आलेले एक कुटुंब मुदतीच्या बरेच आधी, भाड्यावर पाणी सोडून निघून गेले होते. घर भाड्याने देताना काय सांगायचे आणि काय नाही, हा प्रश्न घर भाड्याने घेणाऱ्यापुरता मर्यादित नसतो.

१८९९ मध्ये या शोधनाचा ग्रंथ निघाला. शीर्षकात घराचे नाव नाही. फक्त आद्याक्षर आणि त्यापुढे एक रेघ. साहित्याच्या अभ्यासकाला ही रेघ ओळखीची आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी कादंबरीने ती मुबलक वापरली. ती एकाच वेळी दोन गोष्टी सांगते : हे खरे आहे, म्हणूनच मी नाव झाकतो आहे. काल्पनिक घराला रेघेची गरज नसते. रेघ मारली की काल्पनिक घरही खरे वाटू लागते. बॅलेखिनच्या ग्रंथात हे तंत्र उलटे चालले. नाव ‘टाइम्स’च्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होते, त्यामुळे रेघेने काहीच झाकले जात नव्हते. उरला तो केवळ शिष्टाचाराचा आविर्भाव.

कथेचा सांचाही नवा नव्हता. डिकन्सच्या १८५९ च्या नाताळ अंकातील ‘द हाँटेड हाउस’मध्ये निवेदक झपाटलेले घर भाड्याने घेतो, नोकरचाकर भीतीने बेजार होतात, तेव्हा त्यांना रजा देऊन मित्रमंडळींना बोलावले जाते. नोकरांची भीती हा गोंगाट आणि मित्रांचा अनुभव हा मजकूर, अशी विभागणी तिथे विनोदाच्या अंगाने आधीच झालेली दिसते. संस्थेचे संशोधकही सुशिक्षित साक्षीदाराला अधिक वजन देत. बॅलेखिनमध्ये मोलकरणींनी काय पाहिले तेही नोंदवले गेले, पण वाद पेटला तो सभ्य गृहस्थांच्या शब्दांवरून.

या ठिकाणी न्यायदर्शनातील एक व्याख्या आठवते. आप्त म्हणजे विश्वसनीय वक्ता कोण? वात्स्यायनाच्या मते, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असे तो स्पष्ट करतो. या व्याख्येत शिक्षणाला वा कुळाला स्थान नाही. पण सांगण्याच्या इच्छेला, म्हणजे चारित्र्याच्या एका अंगाला, मध्यवर्ती स्थान आहे. या कसोटीवर मोलकरीण आप्त ठरू शकते. गुडरिच-फ्रीअर यांचे मात्र अवघड होते. ब्यूट यांच्याच पैशाने त्यांनी आधी हायलँड भागातील दिव्यदृष्टीच्या समजुतींचा शोध घेतला होता. त्या कामी एरिस्के बेटावरील फादर ॲलन मॅकडोनल्ड यांच्या वह्यांतील संग्रह त्यांनी कसा आपल्या नावावर वापरला, हे कॅम्बेल आणि हॉल यांनी १९६८ च्या ‘स्ट्रेंज थिंग्ज’मध्ये तपशिलाने दाखवले. धर्मगुरूने वर्षानुवर्षे जमवलेला शब्द आणि जमीनदाराचे घर, दोन्ही ठिकाणी बाईंची रीत एकच दिसते : दुसऱ्याच्या मालमत्तेत शिरताना आपण कोण आणि कशासाठी आलो, हे पुरते न सांगणे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो आपल्याच क्षेत्रातून येईल. लेखकाच्या चारित्र्यावरून संहितेचे मूल्य ठरवू नये, हे आपण गेली कित्येक दशके शिकत आणि शिकवत आलो. बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केल्यावर तर हा प्रश्नच निकालात निघाला असे मानले जाते. कथेपुरते ते मला मान्य आहे. १८९८ साली हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ प्रसिद्ध झाली. तिच्यातील शिक्षिका पाहते ती भुते खरी की तिच्या मनाची, यावर १९३४ च्या एडमंड विल्सनच्या लेखापासून समीक्षक भांडत आहेत, आणि या भांडणातच त्या कृतीचे आयुष्य वाढते आहे. जेम्सला संस्थेचे अहवाल परिचित होते. थोरला भाऊ विल्यम तिचा अध्यक्ष होऊन गेलेला. मात्र अहवालांतील नव्या धाटणीची, नीट नोंदवलेली भुते कथेच्या कामाची नाहीत, कारण ती काहीच करत नाहीत, असे त्याने १९०८ च्या प्रस्तावनेत म्हटले. त्याच्या शिक्षिकेवर अविश्वास दाखवला तर वाचकाचे काही बिघडत नाही, उलट वाचन समृद्ध होते. बॅलेखिनच्या रोजनिशीला ही सवलत देता येत नाही. ‘मी ऐकले’ या वाक्यात एक वचन गुंतलेले असते, आणि वचन देणारा माणूस मृत मानला तर वाक्यात वाचण्यासारखे काहीच उरत नाही. साक्ष हा वाङ्मयप्रकार लेखकाच्या मृत्यूनंतर टिकत नाही. निदान, कोणा खऱ्या माणसाच्या घराची किंमत त्या साक्षीने घटणार असेल, तेव्हा तरी नाही.

याचा अर्थ बाईंनी ऐकलेले सगळे खोटे ठरते असा नव्हे. मालकाशी अप्रामाणिक असलेली व्यक्ती रोजनिशीशी प्रामाणिक असू शकते. मात्र ती तशी आहे हे आपल्याला कळण्याचा मार्ग तिने स्वतःच बंद केलेला असतो. सिजविकांच्या गुप्त नीतीतली अडचण हीच आहे. अपवाद गुप्त ठेवायचा असतो, म्हणून तो कुठे संपतो हेही गुप्तच राहते. एका ठिकाणी सद्हेतूने लपवले हे उघडकीस आले, की उरलेल्या प्रत्येक वाक्याशी वाचक थबकतो. १८८५ मध्ये याच संस्थेच्या रिचर्ड हॉजसन यांनी मद्रासजवळील अड्यारला जाऊन मादाम ब्लाव्हॅट्स्की यांच्या चमत्कारांवर जो कठोर अहवाल दिला, त्याचे सूत्र हेच होते की, एका ठिकाणी कपट सापडले की इतर ठिकाणच्या चमत्कारांचीही हमी संपते. अड्यारला लावलेला हा नियम बॅलेखिनला लावायला संस्थेला फारसे आवडले नसते. तिने त्या प्रकरणापासून नुसते अंग काढून घेतले.

लॉर्ड ब्यूट यांच्याविषयी मात्र थोडे वेगळे बोलावे लागते. ते धर्मांतरित कॅथलिक होते, आणि १८९२ मध्ये त्या घरात मुक्काम केलेल्या एका जेझुइट पाद्र्याकडून त्यांनी तिथली हकिकत प्रथम ऐकली होती. त्यांच्या दृष्टीने तिथे वावरणारे काही असलेच, तर तो मदतीसाठी तळमळणारा मृतात्मा होता. घरात जाऊन त्यांनी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या. शोधनाच्या शिस्तीत ही ढवळाढवळच होय. ज्याचे निरीक्षण करायचे त्यालाच शांत करू पाहणे कोणत्याही पद्धतिशास्त्रात बसत नाही. तरीही घरात आलेल्या या सर्व मंडळींत, तिथे कोणी असेल तर आपण त्याचे काही देणे लागतो, असे वाटणारे ते जवळपास एकटेच होते. भाडेकरारात त्यांचे नाव नव्हते.