बुद्धीचा सातबारा

किकवीत एखादं पोर शाळेत पहिलं आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "हुशार आहे, पुण्याला धाडा." पुणे-सातारा महामार्ग दाराशीच. एकीकडे शिरवळचे कारखाने, दुसरीकडे पुण्याची कॉलेजं. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत हुशारी म्हणजे गाव सोडण्याचा परवाना, हे कित्येक वर्षांचं गृहीत आहे. आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं, पोराने नाव काढलं, पुण्यात फ्लॅट घेतला, जत्रेला गाडी घेऊन आला. यात वाईट काही नाही. पण या सगळ्यामागे बसलेली एक समजूत सहसा कोणी तपासत नाही: बुद्धी ज्याची त्याची, तिचा सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि तिचं काय करायचं तेही त्याने एकट्यानेच ठरवायचं.

या नोंदीवर आयुष्यभर हरकत घेणारा एक मानसशास्त्रज्ञ पुण्यात होऊन गेला. डॉ. विनायक विश्वनाथ पेंडसे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. जन्म १९१६ चा, निधन १९८३ चं. १९६२ साली त्यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. वेगवेगळ्या शाळांतली निवडक हुशार मुलं शाळेच्या वेळेबाहेर जमवायची आणि त्यांच्या बुद्धीला खाद्य द्यायचं, अशी ती सुरुवात होती. १९६९ मध्ये सदाशिव पेठेत स्वतःची प्रशाला उभी राहिली. संस्थापक, संघटक, शिक्षणतज्ज्ञ अशी विशेषणं त्यांच्या नावामागे लागतात. पण त्यांची खरी ओळख मानसशास्त्राच्या शिक्षकाची, आणि त्यांनी केलेलं सर्वांत धाडसी काम म्हणजे आपल्याच शास्त्राला त्याच्या हद्दीबाहेरचा प्रश्न विचारणं. बुद्धी किती, हे शास्त्र सांगतं. ती कोणासाठी, हे कोण सांगणार?

बुद्धिमापनाचा इतिहास पाहिला तर हा दुसरा प्रश्न तिथे सुरुवातीपासून दबा धरून बसलेला दिसतो. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली कसोटी तयार केली ती वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना शोधून त्यांना मदत मिळावी म्हणून. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी तीच वाट उलट्या दिशेने चालून १९२१ पासून अतिबुद्धिमान मुलांचा शोध घेतला. त्या चाळणीतून गळून गेलेल्या मुलांपैकी विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोघांना पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं! आपल्याकडे मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने यांच्या कसोट्या बसवल्या धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. त्यांचं पुस्तक १९४० साली आलं, आणि बिने-कामत कसोटी पुढे कित्येक दशकं वापरात राहिली.

अप्पांना आणि प्रबोधिनीला जवळचा वाटला तो जे. पी. गिलफर्ड यांचा बुद्धीचा नकाशा. गिलफर्ड यांनी बुद्धीला एका आकड्यात बसवायला नकार दिला. पाच प्रकारच्या क्रिया, चार प्रकारचा आशय, सहा प्रकारची फलितं असा गुणाकार करून त्यांनी बुद्धीचे १२० पैलू मांडले. त्या पाच क्रियांपैकी एक म्हणजे एका प्रश्नाला अनेक उत्तरं सुचणं. ती तपासायचा त्यांचा प्रश्न जगभर प्रसिद्ध आहे: विटेचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा.

हा प्रश्न जरा थांबून पाहण्यासारखा आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेलं मूल भिंत, कुंड्यांचा कठडा, पेपरवेट, क्रिकेटचा स्टंप असं सांगत जाईल. भोरच्या खोऱ्यातलं मूल सांगेल: तीन विटांची चूल, उताराला उभ्या ट्रॅक्टरच्या चाकामागे उटी, पावसात छपरावरची ताडपत्री उडू नये म्हणून वजन, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू. आणि दोघांच्याही आज्यांना ठाऊक असलेला उपयोग यादीत बहुधा येणारच नाही. आईबापांची सेवा अर्धवट टाकून उठायचं नाही आणि दारात उभ्या देवाला ताटकळतही ठेवायचं नाही, म्हणून पुंडलिकाने वीट फेकली आणि देव तिच्यावर उभा राहिला. कसोटीच्या भाषेत हे अस्सल वेगळं उत्तर, मौलिकतेचे पूर्ण गुण. पण पुंडलिकाला ते सुचलं ते कोणाची सेवा आधी हे मनात पक्कं होतं म्हणून. गिलफर्ड यांच्या १२० पैलूंत या पक्केपणासाठी कप्पा नाही. मूल्यमापन ही क्रिया आहे, पण ती उत्तर बरोबर की चूक, काटेकोर की ढिलं एवढं पाहते. हे कोणाच्या उपयोगी, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

इथे अप्पा धर्माकडे वळले. समर्थ रामदास, स्वामी दयानंद, स्वामी विवेकानंद आणि योगी अरविंद ही त्यांची प्रेरणास्थानं. प्रबोधिनीत सामूहिक उपासना सुरू झाली, आणि ती मूर्तीऐवजी ओंकारापुढे. एका प्रयोगशील मानसशास्त्रज्ञाने मुलांना रोज मंत्र म्हणायला बसवावं याचं अनेकांना नवल वाटतं, काहींना ते खटकतंही. पण अडचण नीट समजून घेतली तर त्यात विसंगती दिसत नाही. कसोटी मुलाला सांगते की तू शंभरात वरच्या दोघांत आहेस. हे ऐकून मूल फुगणार, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. त्या फुगण्यावर उतारा हवा, आणि तो मुलाला आतून लाभायला हवा. आपल्याहून मोठ्या कशापुढे तरी रोज मान झुकवणं हा अप्पांना सापडलेला उतारा.

त्यामागचा विचार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. पण तिथे ऋण घेऊन जन्मतो तो ब्राह्मण. शतपथ ब्राह्मणात हीच गोष्ट येते तेव्हा दोन फरक पडतात. एक म्हणजे, जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी आहे, जातीची अट गळते. दुसरं म्हणजे, चौथं ऋण येतं, माणसांचं, आणि त्याची फेड माणसाला आसरा आणि अन्न देऊन करायची असते. प्रबोधिनीचं सगळं तत्त्वज्ञान या चौथ्या ऋणाचा विस्तार आहे असं म्हटलं तर वावगं होऊ नये. बुद्धी मिळाली म्हणजे उचल मिळाली.

गंमत अशी की पश्चिमेतही तेव्हा हाच वाद पेटत होता. मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये गुणवत्ताशाहीचं एक भयचित्र रंगवलं: परीक्षांतून निवडलेले हुशार लोक सत्तेवर येतात, आपण हे सगळं कमावलंय असं मानतात आणि मागे राहिलेल्यांना तुच्छ लेखतात. १९७१ मध्ये जॉन रॉल्स यांनी मांडलं की जन्मजात बुद्धी कोणीच कमावलेली नसते, तो नशिबाचा भाग आहे. म्हणून तिच्याकडे समाजाची सामाईक ठेव म्हणून पाहावं, आणि सर्वांत मागे असलेल्यांचं भलं होत असेल तेवढाच फायदा हुशारांनी घ्यावा. तीन वर्षांत रॉबर्ट नोझिक यांनी उलटं विचारलं: माझी बुद्धी सामाईक असेल तर मी स्वतः तरी माझा राहतो का?

नोझिक यांचा प्रश्न अप्पांनाही लागू पडतो, आणि तो टाळता कामा नये. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला निवडायचं, तू देशाचं देणं लागतोस असं सांगायचं, यात ओझं आहे. त्या वयात मूल मोठ्यांच्या डोळ्यांतली अपेक्षा वाचतं आणि हो म्हणतं. त्याला होकार म्हणायचं का? दुसरी हरकत याहून टोकदार. पुण्याच्या पेठांत बसून, कागदावरच्या कसोट्यांनी निवड केली तर चाळणीत कोण उरणार हे सांगायला नको. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं आहेत त्यांचीच मुलं. मग समाजाचं ऋण फेडायचं म्हणजे पुन्हा वरच्यांनी खाली उतरून उपकार करायचे, आणि खालच्यांनी ते डोक्यावर घ्यायचे. ही टीका प्रबोधिनीवर झाली आणि तिच्यात तथ्य आहे.

या टीकेचं खरं उत्तर पुण्यातल्या वास्तूत मिळत नाही, ते शिवगंगा आणि गुंजवणीच्या खोऱ्यांत शोधावं लागतं. अप्पांच्या हयातीतच शिवापूरला ग्रामविकसनाचं काम उभं राहिलं. आज खेड-शिवापूरचा टोलनाका म्हटला की लोकांना वाहनांच्या रांगा आठवतात. नाक्यावरून पुढे चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं की नसरापूर, मार्गासनी, वेल्हे. सरळ गेलं की कापूरहोळ, किकवी. अप्पांनंतर हे काम वेल्ह्यापर्यंत गेलं. स्त्री-शक्ती प्रबोधन या नावाखाली बायकांचे बचत गट झाले, दुर्गम वाड्यांतल्या मुलींना पुढे शिकता यावं म्हणून वेल्ह्यात वसतिगृह झालं.

बचत गटाची बैठक जवळून पाहिली तर बुद्धीचा प्रश्न वेगळाच दिसतो. महिन्याची ठरलेली तारीख, देवळाचा सभामंडप नाहीतर कुणाची तरी ओसरी. प्रत्येकीची बचत जमा होते, वहीत नोंद होते, मग कर्जाची मागणी. एकीला पोराची फी भरायची आहे, दुसरीला सासऱ्याचं ऑपरेशन, तिसरी म्हणते भाताचं बी घ्यायचंय. पैसे तिघींना पुरणार नाहीत. कोणाची नड थांबणारी नाही, कोणाचा नवरा पैसे मधेच काढून घेईल, कोणाचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो आणि कोणाचा नुसताच पाठवतो म्हणून सांगितलं जातं, हे सगळं त्या बायका दहा मिनिटांत तोलतात. कोणाला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत निर्णय सांगतात. यातल्या कित्येकजणी शाळेत चौथीच्या पुढे गेलेल्या नसतात. माहितीचं आकलन, स्मरण, अनेक पर्याय सुचणं, त्यातून एक निवडणं, निवाडा: गिलफर्ड यांच्या पाचही क्रिया तिथे चटईवर मांडलेल्या असतात. वर कोणासाठी, हा प्रश्नही सुटलेला असतो, कारण ज्यांच्यासाठी निर्णय घ्यायचा त्या समोरच बसलेल्या असतात.

अप्पांच्या विचाराला या खोऱ्याने दिलेली ही दुरुस्ती त्यांच्या सगळ्या वारशात सर्वांत मोलाची आहे. राष्ट्राचं ऋण ही कल्पना भव्य, पण राष्ट्र कधी उलट उत्तर देत नाही. त्याच्या नावाने कोणी कोणावर काहीही लादू शकतं. वेल्ह्यातली बाई मात्र उलट उत्तर देते. शहरातून आलेल्या पदवीधर ताईची योजना तिला पटली नाही तर पुढच्या बैठकीला ती येतच नाही. सावकाराला चेहरा असला, तोंड असलं आणि त्याच्याकडून शिकावं लागलं की देणाऱ्याचा उपकाराचा तोरा आपोआप उतरतो. दहा वर्षांच्या मुलाला मंत्राने जे अर्धंच कळतं, ते विशीत अशा दोन-चार बैठकांनी पुरतं कळतं.

उलटी देवघेव दुसऱ्या एका ठिकाणी तर कानठळ्या बसवते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतले ढोल मूळचे मुळशी, मावळ, भोर, वेल्ह्याकडच्या गावांचे. ते शहरातल्या शाळकरी मुलांच्या गळ्यात अडकवणाऱ्यांत अप्पा आघाडीवर होते. प्रबोधिनीचं बर्ची नृत्य त्याच तालावर उभं राहिलं. पहिल्या नंबरांच्या मुलांनी गावच्या वादकांचा ठेका अंगात मुरवायचा, हाही त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता.

त्यांच्या माणसांनी पुढे काय केलं याची यादी लांब आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हराळी गावात शाळा आणि शेतीचं काम उभं राहिलं. पुण्यात स्त्रिया पौरोहित्य शिकल्या आणि लग्नात प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगू लागल्या. धर्म ही विचारायची आणि समजून घ्यायची गोष्ट आहे, हे अप्पांचं म्हणणं या विधींतून हजारो घरांत पोचलं.

एक काम मात्र उरलंय आणि ते मानसशास्त्राचंच आहे. विटेच्या प्रश्नाचे गुण देताना मुलाचं उत्तर इतर मुलांच्या उत्तरांशी ताडून पाहतात. दुर्मीळ उत्तराला जास्त गुण. ती इतर मुलं कुठली, यावर सगळं ठरतं. पुण्यातल्या मुलांवरून बांधलेलं प्रमाण किकवीच्या मुलीला लावलं तर चाकामागची उटी दुर्मीळ ठरून तिला वाजवीपेक्षा जास्त गुण मिळतील, आणि शब्दसंग्रहाच्या कसोटीत नाहक कापले जातील. दोन्ही आकडे खोटेच. भोर आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन, तिथल्या मुलांच्या बोलीत प्रश्न विचारून वेगळी प्रमाणं बांधायला माणसं लागतील, काही वर्षं लागतील आणि पैसा लागेल. या खोऱ्यातून बुद्धी उचलून मोठ्या झालेल्या शहराने तो खर्च करायला काहीच हरकत नाही.