दाराबाहेर उभे असलेले

जुने उपासनामंदिर तसेच राखावे की पाडून नवे बांधावे, हा प्रश्न आज आमच्या पुष्कळ मंडळ्यांपुढे आहे. मंदिर बांधले तेव्हा भोवती मोकळे रान होते. आता तेथे भर बाजार भरतो व जागेला मोल आले आहे. सभेत कोणी म्हणतो, वाडवडिलांची ठेव मोडू नये. कोणी म्हणतो, देव काय दगडमातीत राहतो? दोन्ही पक्षांनी मुंबईच्या सेंट थॉमस मंदिराचा इतिहास एकवार पाहावा, असे आम्हांस वाटते.

त्याचा पाया १६७६ साली, जेराल्ड आँजियर गव्हर्नर असताना घातला गेला. आँजियर पुढल्याच वर्षी वारले व काम थांबले. जमलेला पैसा मध्येच गिळला गेला, असा आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रवाशाने लिहून ठेवला आहे. (मंडळ्यांचे हिशेब तपासणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.) सुमारे पंधरा फूट चढलेल्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उघड्या उभ्या होत्या. मग रिचर्ड कॉब या पाद्रीसाहेबांनी वर्गणी गोळा केली आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी मंदिर उघडले.

त्या दिवसाची एक गोष्ट कॉबसाहेबांनी नमूद केली आहे. हिंदू लोकांचा मोठा जमाव भोवती उभा होता आणि उपासना संपेपर्यंत तो हलला नाही. आत मात्र बसण्याच्या जागा दर्जाप्रमाणे वाटलेल्या! याकोबाचे पत्र जेथे वाचले जाते तेथेच हे चालले होते.

पुढे भोवतालचे सारेच पालटले. मंदिर किल्ल्याच्या आत होते व त्याच्या बाजूचा दरवाजा तो चर्चगेट. १८६० नंतरच्या दशकात तट पाडला, दरवाजाही गेला. नाव तेवढे स्टेशनाला उरले. समोरच्या मैदानावर कापसाचे ढीग पडत, तेथे गोल बाग व इमारती झाल्या. एल्फिन्स्टन सर्कलचे स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल झाले. १८३७ साली मंदिर बिशपांचे कॅथेड्रल बनले, मग मनोरा चढला. पुढचे कारंजे कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांच्या पैशाने उभे राहिले. राहती वस्ती उठली, पेढ्या व कचेऱ्या आल्या. आतल्या संगमरवरी स्मारकांतले कंपनीचे अंमलदार गेले, त्यांचे राज्यही गेले. जीर्णोद्धाराबद्दल २००४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

आता सांगा, यातली वाडवडिलांची ठेव कोणती? पाया, छप्पर की मनोरा? "जसे होते तसे" म्हणणाऱ्यांनी साल सांगावे. पण दगडाला तुच्छ लेखणाऱ्यांनाही आमचा प्रश्न आहे. त्या चाळीस वर्षांत भिंती पाडून दगड विकले असते, तर कॉबसाहेबांनी काम कोठून उचलले असते? आळसावलेल्या पिढीच्या हातून निदान भिंती तरी राहिल्या, हे थोडे नव्हे.

आम्हांस त्या बाहेरच्या जमावाचे अधिक वाटते. शलमोनाने मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळी दूरदेशाहून येणाऱ्या परक्याचीही प्रार्थना ऐकावी म्हणून देवाला विनवले होते. आपल्या मंदिराभोवती आज बाजार आहे, शाळा आहे, दवाखान्याची रांग आहे. तेव्हा पुढील सभेत आराखडे मांडण्यापूर्वी पाळकांनी व पंचांनी एवढा विषय आधी घ्यावा: सोमवार ते शनिवार आपल्या दाराला कुलूप का असते, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे?