सोसलेल्याचे काय करावे?

तासगावच्या परिसराला कसरतीचे कौतुक नवे नाही. विष्णुपंत छत्रे हे सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. १८८० च्या सुमारास त्यांनी भारतातील पहिली सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांनीही सर्कस काढली. तंबूच्या छताशी झोपाळ्यावरून झेपावणाऱ्या पोरीला शिकवणारा उस्ताद बहुधा स्वतःही लहानपणी त्याच झोपाळ्यावर वाढलेला असे. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यावर बंदी आणण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला, आणि तो योग्यच होता.

परंतु तीच मुलगी तंबूऐवजी शहरातील क्रीडासंकुलात गेली तर? तेथेही कंबर मागे वाकवून डोके टाचेला टेकवायचे असते. तेथेही दिवसातील कित्येक तास सरावात जातात. फरक इतकाच की, तेथे मुलीला पगार मिळत नाही, उलट आईबाप फी भरतात. केवळ पैशाची दिशा बदलली म्हणून मुलाच्या शरीराविषयीचा नैतिक प्रश्न सुटतो काय?

रिदमिक जिम्नॅस्टिक्स हा खेळ या प्रश्नाला फार नेमके रूप देतो. दोरी, रिंग, चेंडू, क्लब आणि रिबन ही त्याची साधने. तेरा मीटर लांबरुंद चौकोनात, संगीताच्या साथीने, दीड मिनिटाच्या आत सारे सादर करावयाचे. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे तो ऑलिम्पिकमध्ये आला. ऑलिम्पिकमध्ये आजवर केवळ स्त्रियाच तो खेळत आल्या आहेत. त्यात ऐन उमेदीची वर्षे कोवळ्या वयातच येतात. इतर मुली नोकरीचा पहिला अर्ज लिहितात त्या वयात या मुलीला निवृत्तीचा विचार करावा लागतो. मग ती करते काय? पुष्कळदा ती त्याच सभागृहात राहते, फक्त चौकोनाच्या आतून बाहेर येऊन उभी राहते. तिला दुसरे काही येत नाही म्हणून ती तेथे राहते, असे कोणी म्हणेल. मला ते उथळ वाटते. जे अंगात मुरले आहे ते आपल्याबरोबर संपू नये, ही माणसाची जुनी तळमळ आहे.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण ठाण्याचे आहे. पूजा सुर्वे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारतातर्फे उतरल्या आणि नंतर ठाण्यातच मुलींना शिकवू लागल्या. त्यांच्याकडे शिकलेल्या संयुक्ता काळेने खेलो इंडिया युवा स्पर्धांत महाराष्ट्राला सुवर्णपदके मिळवून दिली. ज्या देशात या खेळाचे नाव सांगितल्यावर पुढे अर्थही सांगावा लागतो, तेथे एका खेळाडूने मागे राहून दुसरी घडवणे ही लहान गोष्ट नव्हे. तिने तसे केले नाही, तर तिने शोधलेली वाट पुढच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते.

मात्र वाटेबरोबर वाटेवरचे काटेही वारशाने मिळतात. रशियाकडे पाहावे. इरिना विनर या ताश्कंदच्या जिम्नॅस्ट, पुढे मॉस्कोतील सर्वांत बलाढ्य प्रशिक्षिका झाल्या. अमिना झारिपोवा ही त्यांची शिष्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिचे पदक थोडक्यात हुकले आणि ती चौथी आली. तीच पुढे मार्गारिटा मामुनची प्रशिक्षिका झाली. वडील बांगलादेशी व आई रशियन असलेल्या मार्गारिटाने २०१६ साली रिओमध्ये सुवर्णपदक जिंकले. कर्करोगाने आजारी असलेले तिचे वडील त्यानंतर काही दिवसांतच वारले. या तयारीच्या काळावर मार्ता प्रूस या पोलिश दिग्दर्शिकेने २०१७ मध्ये ‘ओव्हर द लिमिट’ हा माहितीपट केला. त्यात विनर यांच्या तोंडी जी भाषा ऐकू येते, ती आपण आपल्या मुलीला कोणी वापरलेली सहन करणार नाही. झारिपोवा त्या दोघींच्या मध्ये उभी दिसते. कधी ती मुलीला जवळ घेते, तर कधी तिचाच आवाज चढतो. मला या कथेत सर्वांत अस्वस्थ करते ती पदक जिंकणारी नव्हे, तर ही मधली बाई. तिने हे सारे स्वतः ऐकले, सोसले. मग तिच्याच मुखातून ते पुन्हा कसे बाहेर पडते?

दुःख माणसाला कोमल करते, असे आपण सहज म्हणून जातो. नेहमी तसे घडत नाही. ‘मी सोसले, म्हणून तूही सोस’ आणि ‘मी सोसले, म्हणून कोठे थांबावे ते मला ठाऊक आहे’, ही दोन्ही वाक्ये एकाच अनुभवातून निघतात. पहिले वाक्य सोपे आहे, कारण ते आपल्या सोसण्याला अर्थ मिळवून देते. तो मार, ती उपासमार आवश्यकच होती, असे मानले की बालपण वाया गेल्याचे शल्य उरत नाही. दुसरे वाक्य उच्चारणारीला मात्र आपल्या वाट्याचे बरेचसे दुःख निरर्थक होते, हे कबूल करावे लागते. ज्या गुरूंना वंदन केले, त्यांच्याविषयीही काही कबूल करावे लागते. म्हणून ते दुर्मिळ.

यावर कठोरपणाशिवाय काहीच घडत नाही, असा आक्षेप येईल. तासगावचा द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरडछाटणी करतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. कात्रीवाचून द्राक्ष नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. पण काडीवर किती डोळे राखायचे, हे तो वेल पाहून ठरवतो, शेजाऱ्याच्या बागेशी लागलेल्या पैजेवरून नव्हे. जून २०२२ मध्ये ब्रिटनमधील जिम्नॅस्टिक्सविषयीचा ॲन व्हाइट यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यासाठी चारशेहून अधिक निवेदने आली होती. दुखापत असताना सराव करायला लावणे, वजनावरून मुलींना अपमानित करणे, अशा गोष्टी त्यात नोंदल्या आहेत. एवढे सारे होईपर्यंत पालक कोठे होते? पुष्कळसे बाहेर, बंद दाराशी, निकालाची वाट पाहत. काहींना आत काय चालते याची कल्पना असेलही. पण पदक जवळ आले की डोळा झाकणे सोपे जाते.

या खेळात साधन हातातून निसटले तर अर्धा गुण जातो. त्यामागे तीन पावले धावावे लागले तर पुरा एक. हे गुण पंच कापतात आणि ते योग्यच आहे. पण सरावाच्या साध्या दिवशी, जेथे पंच नसतात आणि टाळ्याही नसतात, तेथे रिबन जमिनीवर पडते तेव्हा ती मुलगी प्रथम कोणाकडे पाहते, रिबनकडे की बाईंच्या चेहऱ्याकडे, हे पाहण्यासाठी आईबापांनी एकदा तरी आत जाऊन बसावे.