किती उजेड पुरे?

पिंपळे गुरवमधल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये 40 वॅटची जुनी ट्यूब जाऊन 20 वॅटची एलईडी ट्यूब येते. बारा तासांत 480 ऐवजी 240 वॅट-तास वीज लागते. मग वीज वाचतेच आहे म्हणून कोपऱ्यात आणखी एक ट्यूब लागते, आणि सगळी बचत तिथेच संपते.

विल्यम जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने 1865 मध्ये कोळशाबद्दल हेच मांडलं होतं: यंत्रं काटकसरी झाली की एकूण खप वाढतो.

जैनांच्या पंच महाव्रतांतला आणि गांधीजींच्या एकादश व्रतांतलाही अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त काही न बाळगणं, इथे थेट कामाला येतो. कोणता दिवा घ्यायचा, याआधी तो विचारतो, मुळात उजेड हवा किती? जिन्यात चाहूल लागताच पेटणारा सेन्सरचा दिवा या व्रताच्या बराच जवळ जातो. उभ्या गाड्यांना रात्रभर लख्ख प्रकाश कशाला, हे सोसायटीच्या सभेत वॅटच्या आधी ठरायला हवं.