भादव्यातलं चिलखत

चिलखत म्हटलं की मराठी माणूस थेट प्रतापगडाच्या पायथ्याशी जाऊन पोचतो. 10 नोव्हेंबर 1659, अंगरख्याखालचं चिलखत, डोक्यावर जिरेटोप. त्यापुढे हा शब्द फारसा सरकलाच नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरचे चिलखती बुरूज सोडले, तर आता तो नाटकात आणि संग्रहालयाच्या काचेआड. इंग्रजीतला ‘हार्नेस’ मात्र हिंडता निघाला. एके काळी तो योद्ध्याचं चिलखत होता. पुढे घोड्याच्या साजापुरता उरला, आणि आज मोबाइल टॉवरवर चढणाऱ्या कामगाराच्या अंगाला आवळलेला आहे. सरदाराच्या अंगावरून उतरून मजुराच्या अंगावर जायला त्याला कमीपणा वाटला नाही.

वऱ्हाडात चिलखताची खरी गरज आज कोणाला आहे? तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे हरली, सुमारे पंधरवड्यात गाविलगडही पडला. तोफांच्या त्या जमान्यात लोखंडी कड्यांचा उपयोग तसाही सरत आला होता. पण इथल्या शेतात दर पावसाळ्यात माणसं अजूनही पाठीवर कीटकनाशक फवारणीचा पंप घेऊन उतरतात. 2017 साली पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढली, फवारा तोंडावर येऊ लागला, आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर विषबाधेने गेले. अकोला-अमरावतीतही रुग्ण निघाले. मग ‘किट’ आलं: मास्क, गॉगल, हातमोजे, अ‍ॅप्रन.

जुनं चिलखत करणारा कारागीर शरीर ओळखून होता. एका कडीत चार कड्या ओवलेल्या, म्हणजे अंग वाकेल तसं ते वाकायचं आणि वाराही आत शिरायचा. वजन दहा-बारा किलो, तरी त्यात घोडा दौडवता येई. ज्याला ते परवडत नसे तो कापूस भरून टाचलेला जाड अंगरखा घाले. ओझरता वार त्यात अडकायचा. हेच कापसाचं कापड आज उलटतं. गळक्या पंपाने भिजलेला सदरा विष शोषून घेतो आणि दिवसभर पाठीला चिकटून बसतो.

म्हणून प्लास्टिकचा अ‍ॅप्रन, हे कळतं. पण भादव्याच्या उकाड्यात पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन तो घालून पाहावा. गॉगलवर वाफ धरते, सरी दिसत नाहीत. मास्कमध्ये दम लागतो. त्यातून मजुरी बऱ्याच ठिकाणी पंपांवर मोजतात. गॉगल पुसायला थांबेल त्याचा एक पंप कमी भरणार. गडी ते सगळं बांधावर काढून ठेवतो, आणि आपण म्हणतो, लोक ऐकतच नाहीत!

मला हा दोष गड्याचा वाटत नाही. पायदळातल्या शिपायाला घोडेस्वाराचं चिलखत चढवून चालवलं असतं, तर त्यानेही ते पहिल्या ओढ्यापाशी टाकलं असतं. किटवर होणारा खर्च वाटपाच्या आकड्यांत दिसतो. ते घालून कापसाच्या एका सरीतून कोणी चालून पाहिलं का, हे त्या आकड्यांत येत नाही. फवारणी पहाटे उरकायची, मजुरी पंपावर न मोजता रोजावर द्यायची, एवढं केलं तरी तो अ‍ॅप्रन थोडा जास्त वेळ अंगावर राहील.